तीन नंबरच्या कोपऱ्यातली लिंबं

तीन नंबरच्या रूममधली लिंबं पुन्हा पिवळी पडली होती. सगळी नाहीत, फक्त मागच्या कोपऱ्यातले चार क्रेट. लागोपाठ तिसरा लॉट.

पेणजवळच्या त्या कोल्ड स्टोरेजमध्ये मी क्वालिटी बघायचे. माल रोह्याच्या एका एक्सपोर्टरचा. त्याला लिंबू हिरवंच हवं.

तोडलेलं लिंबूही श्वास घेत असतं. पिवळा रंग त्याला बाहेरून चढत नाही. तो सालीत आधीपासून दडलेला असतो, वरचा हिरवा विरला की दिसतो. हिरवा घालवायला थोडासा इथिलीन गॅस पुरतो. तो डोळ्यांना दिसत नाही. आमच्या रूममध्ये तर त्याची नळीसुद्धा नव्हती.

"नामदेव दार उघडं टाकतो. उद्यापासून त्याला घरी बसवा," मालक म्हणाले.

नामदेव अकरा वर्षं त्या रूम सांभाळत होता. त्याची नोकरी अशी फुकट घालवायला मी तयार नव्हते.

"दार उघडं राहिलं तर दाराजवळची लिंबं पिवळी होतील, कोपऱ्यातली कशी होतील?" मी जरा तडकूनच विचारलं. "उद्यापर्यंत थांबा."

संध्याकाळी नामदेवने रूम बंद केली. कुलूप मी घातलं, चावी माझ्या पर्समध्ये.

सकाळी गॅसमीटर घेऊन आत गेले. दारापाशी काटा शून्यावर. कोपऱ्याकडे सरकले तसा तो हलायला लागला. क्रेट ओढले. मागे काहीच नव्हतं, कोरडी फरशी. फक्त पिकल्या केळ्यांचा वास. मी नामदेवला हाक मारली.

"नामदेव, केळी कुठली?"

त्याने मान खाली घातली. "मीच ठेवतो मॅडम, त्या कोपऱ्यात, रोज संध्याकाळला. कालबी ठेवली व्हती. ही खाडी बुजवलेली जागा हाय. जागेच्या देवाला, राखणदाराला, त्याचं द्यायला नको?"

"अरे बाबा, पिकल्या केळ्यातून तोच गॅस निघतो! इतकी वर्षं काय झोपला होता तुझा राखणदार?"

"पहिलं हितं बटाटं व्हतं ना मॅडम."

बटाट्याला कसला आलाय हिरवा रंग. मला हसूच आलं. केळी बाहेर बांधावरच्या दगडापाशी ठेवायची, असं ठरलं. पुढचा लॉट शेवटच्या क्रेटपर्यंत हिरवा निघाला. रिपोर्टमध्ये मी लिहिलं, 'रूममध्ये पिकलं फळ राहिलं होतं, स्टाफला समज दिली.' मालकांनी सही केली. नामदेवची नोकरी राहिली.

सही झाल्यावर मी सहज विचारलं, "त्या केळ्यांची सालं कुठं टाकायचास रे?"

"मी कशाला टाकू? सकाळला तिथं काय नसायचंच."

त्या दाराला रबरी सील आहे. उंदीर शिरेल एवढी फट नाही, तपासणी मीच केलेली. आणि त्या रात्री तर चावी माझ्यापाशी होती.

नव्या पोरींना मी एवढंच शिकवते, लिंबाजवळ केळं ठेवू नका. तीन नंबरमध्ये मात्र मी एकटी जात नाही.