'ऐस्तुस'चा पाचवा अर्थ

सोळा मार्च, सकाळी सव्वादहा. कुसगावात माझा मित्र सदाशिव कांबळे याच्या खोलीत मी त्याची खोकी उघडायला बसलो. त्याला जाऊन पाच आठवडे झाले होते. त्याची सून सुजाता हिने तीनदा निरोप धाडला होता. तिन्ही वेळा मी टाळले. कारण होते, पण ते तिला सांगितले नव्हते.

सदाशिव खंडाळ्याच्या एका ख्रिस्ती संस्थेच्या ग्रंथालयात एकतीस वर्षे पुस्तकबांधणी करत होता. बांधायला येणारी निम्मी पुस्तके लॅटिन. जे शिवतो ते वाचता येऊ नये याची त्याला लाज वाटे, म्हणून एका वृद्ध फादरांकडून तो ती भाषा शिकला. निवृत्तीनंतर लॅटिन-मराठी शब्दकोश करू लागला. उरलेल्या पुठ्ठ्याची कार्डे कापायची, एका कार्डावर एक शब्द लिहायचा आणि ती खोक्यांत लावून ठेवायची. नियम एकच: मराठी अर्थ दुसऱ्या कोशातून उचलायचा नाही. कोणीतरी आपल्या गरजेने, नकळत तो शब्द बोलला पाहिजे. मगच कार्डावर अर्थ, आणि त्यापुढे साक्षीदाराचे नाव. देहूरोडच्या डेपोत मी आयुष्यभर माल तपासला, म्हणून तो मला इन्स्पेक्टर म्हणे. मला ही पद्धत विक्षिप्त वाटे, पण तीत चूक काढता आली नाही.

'ऐस्तुस' या शब्दाने त्याला दोन वर्षे अडवले. उन्हाची धग, उकळी, समुद्राची भरती, मनाचा क्षोभ, आणि निर्णय लांबला की होणारी अस्वस्थता... एवढे सारे एका शब्दात. 'उधाण' त्याला लोणावळ्याच्या बाजारात मासळी विकणाऱ्या मावशीने दिले. शेजारच्या हौसाबाई एकदा उन्हातून येऊन ओट्यावर टेकल्या. "लय काहिली हुतीया, पानी दे बाबा." त्याने आधी कार्ड लिहिले. "मी मेल्यावर देतोस व्हय पानी?" हौसाबाईंनी विचारले. असे चार अर्थ झाले, पाचवा राहिला. मी 'चलबिचल' सुचवला. "इन्स्पेक्टर, हा बातम्यांतला शब्द," तो म्हणाला. "कोणाच्या पोटातून आला, ते सांग."

जानेवारीत डॉक्टरांनी हृदयाची शस्त्रक्रिया सांगितली. तो आज-उद्या करत राहिला. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात मी गेलो, तर हा पुठ्ठा कापत बसलेला. "तेवढं 'ऐस्तुस' पुरं होऊ दे," म्हणाला. माझा तोल सुटला. "जाळ ती खोकी! तुझं धड 'हो' नाही नि धड 'नाही'ही नाही. तिकडं माझ्या जिवाची घालमेल होते, घास उतरत नाही!" असे मी आयुष्यात कोणाला बोललो नव्हतो. तो पाहतच राहिला. मी चहा न घेता निघालो. चौथ्या दिवशी, दुपारच्या झोपेत, तो गेला. ते दुबळे हृदय माझ्या बोलण्याने तर ढवळले नसेल... ही शंका मी पाच आठवडे बाळगली.

कार्ड तिसऱ्या खोक्यात सापडले. चार अर्थांची शाई जुनी होती, पाचव्याची ताजी. अक्षर सरळ, कुठे थरथर नाही: 'जिवाची घालमेल. साक्ष: इन्स्पेक्टर, त्याच्या नकळत.'

हे कधी लिहिले, असे मी सुजाताला विचारले.

"तुम्ही पायऱ्या उतरत होतात तेव्हाच, काका. हसत होते. म्हणाले, दोन वर्षं माझ्यासमोर बसून होता हा माणूस, आणि आज बोलला! मग स्वतःच दवाखान्यात फोन लावला. सोमवारची तारीख मिळाली होती."

"रागावला नव्हता?"

"तुमच्यावर? तुमचा चहासुद्धा त्यांनीच पिऊन टाकला."

"मला सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही येतच नव्हता, काका."

उत्तर बरोबर होते. मनावरचे ओझे उतरले वगैरे लिहिण्याची मला सवय नाही. सुजाताने जेवायला वाढले तेव्हा मी आणखी एक भाकरी मागून घेतली, एवढे नोंदवतो.

खोलीच्या मागच्या भिंतीला ओल आली होती. जेवणानंतर सगळी खोकी हातभर पुढे ओढली, खाली विटा मांडल्या, प्रत्येकात डांबराच्या दोन-दोन गोळ्या टाकल्या आणि झाकणे सुतळीने बांधली.