आधी बसवा, मग बघा

माझ्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याला, म्हणजे आमच्या भाऊजींना, एखाद्या वस्तूचं झाकण उघडता आलं की ती वस्तू आपल्याला कळली असं वाटतं. मग ती इस्त्री असो, पाण्याचा पंप असो, नाहीतर शेजाऱ्याचं गुडघ्याचं दुखणं. मी त्यांना तोंडावर ‘तज्ज्ञ’ म्हणते. गंमत म्हणजे त्यांना ते खरं वाटतं आणि ते मान डोलावतात.

त्यांची सगळी नोकरी ऑफिसांमध्ये फर्निचर बसवून देणाऱ्या कंपनीत गेली. स्क्रू पिळायला हाताखाली माणसं होती. हे मागे उभे राहून हुकूम सोडायचे, ‘आधी बसवा, मग बघा!’ टेबल आधी उभं करायचं, खण उघडतो का ते नंतर. उघडला नाही तर भिंत वाकडी, फरशी खाली-वर, नाहीतर गिऱ्हाईकच आडमुठं. अशा माणसाला कंपनीने निवृत्तीपर्यंत कसं पोसलं देव जाणे. निवृत्तीनंतर हाताखालची माणसं गेली आणि ताई तेवढी उरली. घरातलं जेवायचं टेबल त्यांनीच जोडलंय. एकाने कोपर टेकलं की दुसऱ्याच्या पेल्यातलं पाणी हिंदकळतं. जोडून उरलेले स्क्रू त्यांनी बरणीत भरून ठेवलेत. विचारलं तर म्हणतात, ‘‘कंपन्या जास्तीचेच देतात गं.’’

ताई जीवशास्त्राची शिक्षिका होती. तीही आता घरीच असते, पण तिने स्वतःला एक काम लावून घेतलंय. एक अंध मुलगी फिजिओथेरपीचं शिक्षण घेतेय, तिच्यासाठी ताई जाडजूड पुस्तक वाचून कॉम्प्युटरवर रेकॉर्ड करते. नुसतं वाचून भागत नाही. पुस्तकात पानोपानी आकृत्या, आणि त्या न दिसणाऱ्या माणसाला शब्दांत दाखवायच्या. खांद्याचा सांधा समजावताना ताई स्वतःचा हात वर करून, फिरवून बघायची आणि मग बोलायची. एकेका आकृतीवर अख्खी सकाळ जायची. पुस्तक संपत आलं होतं, परीक्षा महिन्यावर आली होती. पण ताई शिक्षिका पडली. अर्धवट काम हातातून सोडायचं नाही, सगळं एकदा ऐकून, चुका काढून मगच द्यायचं, हा तिचा हट्ट. त्यामुळे ते सगळं रेकॉर्डिंग त्या एका कॉम्प्युटरवरच होतं.

कॉम्प्युटर म्हातारा झाला होता हे खरं. सुरू केला की ताईची अंघोळ व्हायची तरी तो घरघरतच असायचा. भाऊजींनी एक व्हिडिओ पाहिला आणि अर्ध्या हळकुंडाने पिवळे झाले. जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी नावाची नवी, वेगवान डिस्क घालायची, जुनीवरचं सगळं जसंच्या तसं नवीवर उतरवायचं, की यंत्र पळायला लागतं. यात चूक काहीच नव्हतं. चूक फक्त करणाऱ्यात होती.

‘‘दुकानात नेऊ या ना,’’ ताई म्हणाली.

‘‘दुकानदार काय वेगळं करतो? चार स्क्रू तर आहेत.’’

‘‘मग आधी माझं रेकॉर्डिंग पेनड्राइव्हवर घेऊ.’’

‘‘पेनड्राइव्ह मला लागणार आहे, कॉपीचा प्रोग्रॅम त्यावरून चालतो. आणि जुनी डिस्क कुठे पळून जातेय? तीच तुझी राखीव प्रत.’’

मी तिथेच होते, टॉर्च धरायला. भाऊजींनी कॉम्प्युटरचा डबा उघडला, आतल्या धुळीवर फुंकर मारली, ती आमच्याच डोळ्यांत गेली. व्हिडिओतल्या माणसाने जुनी डिस्क आतच ठेवून नवी बाहेरून केबलने जोडली होती. आधी नक्कल, मग अदलाबदल. पण भाऊजींना धीर कुठला? हातात स्क्रूड्रायव्हर आणि समोर उघडा डबा. नवी डिस्क नीट बसते का हे बघण्यासाठी त्यांनी जुनी काढली, नवी आत बसवली, स्क्रू पिळले आणि स्वतःवरच खूश झाले. ‘‘फिटिंग झालं, आता फक्त कॉपी!’’ जुनी केबलला लटकवून बाहेर ठेवली.

पडद्यावर दोन डिस्क दिसल्या, दोन्ही एकाच आकाराच्या, कारण भाऊजींनी हट्टाने ‘तंतोतंत तेवढीच’ आणली होती. कुठून घ्यायचं आणि कुठे उतरवायचं, प्रोग्रॅमने विचारलं. भाऊजींनी व्हिडिओतलं वाक्य पाठ म्हटलं, ‘‘आतून घ्यायचं, बाहेरच्यावर टाकायचं.’’ आणि तसंच निवडलं.

खाली लाल अक्षरं आली. आयुष्यभर वाचत आलेल्या ताईने ती वाचली. ‘‘अहो, बाहेरच्या डिस्कवरचं सगळं पुसलं जाईल, असं लिहिलंय. बाहेर तर आपली जुनी—’’

‘‘तू मध्ये बोलू नकोस गं! काम चालू असताना बायकांची किरकिर नको.’’ आणि त्यांनी बटण दाबलं.

कोऱ्या डिस्कची हुबेहूब नक्कल जुनीवर उतरली. दोन्ही डिस्क धुतल्या तांदळासारख्या स्वच्छ. भाऊजींनी आधी केबलला शिव्या घातल्या, मग व्हिडिओवाल्याला, मग डिस्क बनवणाऱ्या कारखान्याला. पडले तरी नाक वर. शेवटी डबा दुकानातच गेला. दुकानदाराने नव्या डिस्कवर सगळं पहिल्यापासून घालून दिलं आणि जुनीकडे बघून मान हलवली. त्यातून काहीही परत मिळणार नव्हतं.

ताई रडली नाही. मला वाटत होतं तिने बरणीतले स्क्रू त्यांच्या डोक्यात घालावेत. भाऊजी मात्र येणाऱ्या-जाणाऱ्याला बोलावून कॉम्प्युटर चालू करून दाखवत होते. ‘‘बघा, बटण दाबलं की हजर!’’ हजर होणारच. त्याच्या पोटात होतं काय?

दोन दिवसांनी त्या मुलीचा फोन आला. ताईने नाव पाहिलं, स्पीकर लावला आणि फोन भाऊजींच्या हातात दिला. ‘‘तुम्हीच सांगा तिला.’’

आता कळेल, मी मनात म्हटलं. सगळ्या प्रश्नांची उत्तरं असणाऱ्या माणसाला आता एका वाक्यात खरं बोलायचं होतं.

भाऊजींनी घसा खाकरला. ‘‘हॅलो, हं, मी मॅडमच्या घरून बोलतोय. त्याचं काय झालं, मॅडमकडून चुकून काहीतरी दाबलं गेलं. सगळं पुसलं गेलं बघ. वय झालं ना आता त्यांचं.’’

पलीकडून ती पोर म्हणाली, ‘‘असू दे. मॅडमना सांगा, मनाला लावून घेऊ नका म्हणावं.’’

मला त्या माणसाची किळस आली. ताईने फोन काढून घेतला. ‘‘मीच बोलतेय. पहिलं प्रकरण उद्या पाठवते. यापुढे जसं होईल तसं पाठवत जाईन. परीक्षेआधी सगळं मिळेल.’’ एवढं बोलून तिने फोन ठेवला, टेबलाखाली वाकून एकेक वायर काढली आणि डबा छातीशी धरून उभी राहिली.

‘‘तुझ्या मागच्या खोलीत जागा आहे ना?’’ तिने मला विचारलं. मी पुस्तक आणि मायक्रोफोन उचलला.

आम्ही दारापर्यंत पोचलो तेव्हा भाऊजी धावत आले. बायको घराबाहेर निघाली होती, आणि तज्ज्ञ काळजीने म्हणाले, ‘‘अगं, सांभाळून! आत नवी डिस्क आहे.’’