चारही नळ्या पिवळ्याच

इंटरला एकदा नापास झालो होतो. बापूस म्हणाला, "यंदा पास झालास तर शीक, नाय तर होरीवर ये." होडीत पाय ठेवला की मला ओकाऱ्या होत. पाचूबंदरच्या कोळ्याच्या पोराने हे कुणाला सांगावं? मला काहीही करून पास व्हायचं होतं.

केमिस्ट्रीच्या प्रॅक्टिकलसाठी मुंबईला निघालो तेव्हा आईने बाटलीभर पाणी दिलं. आमच्याकडे सगळं खारं. पिण्याचं पाणी ती लांबच्या विहिरीवरून डोक्यावर आणायची. समुद्रावर जाणाऱ्याला पाणी भरून द्यायचं, तसंच तिने मलाही दिलं.

टेबलावर नावं लिहिलेल्या चार बाटल्यांत मिश्रणं होती. त्यांतली बफर कोणती ते ओळखायचं होतं. बफर म्हणजे थोडं ॲसिड टाकलं तरी दाद न देणारं मिश्रण. प्रत्येक मिश्रण नळीत घेऊन पाण्याने पातळ करायचं, मिथाइल ऑरेंजचा थेंब टाकायचा, मग ॲसिडचे थेंब. पिवळा रंग लाल झाला तर ते बफर नाही. ॲसेटिक ॲसिड आणि सोडियम ॲसिटेट हे बफर, अमोनिया आणि अमोनियम क्लोराईड हेही बफर. हे मी झोपेतसुद्धा सांगितलं असतं. उरलेल्या दोन बाटल्यांत नुसते क्षार होते, ॲसिडला अडवणारं काहीच नाही.

डिस्टिल्ड पाणी एकच बाटली मिळालं होतं. पाणी उधळायचं नाही, हे माझ्या हाडीमासी मुरलेलं. ते मी राखून ठेवलं आणि नळ्यांत आईचं पाणी ओतलं. खारं नाही म्हणजे शुद्ध, एवढीच माझी अक्कल.

चारही नळ्या पिवळ्याच राहिल्या. पुन्हा थेंब टाकले, तरी पिवळ्याच. माझी पाचावर धारण बसली. पुस्तक खोटं की डोळे खोटे? वेळ संपत आला तसा मी डोळ्यांवर विश्वास ठेवला आणि चारही बफर असं लिहून टाकलं.

परीक्षकांनी वाचून विचारलं, "नुसत्या मिठात ॲसिड धरून ठेवणारं काय आहे?"

"काही नाही, सर."

"मग?" त्यांची नजर आईने दिलेल्या बाटलीवर गेली. ते आमच्याकडच्या विहिरीचं आहे, असं मी सांगितलं. "विहिरीचं पाणी? त्यात चुना असणार. तेच खातंय तुझं ॲसिड."

मी हात जोडले. एकदाच, फक्त एकदाच पुन्हा करू द्या म्हणालो. सगळ्यांसमोर रडलो. पण घंटा झाली होती, आणि त्यांनी पेपर उचलला.

घरी आई दारातच उभी होती. "कसा झाला रं, बाला?"

"तुझ्या पान्यानं घात केला माझा!" मी ओरडलो. चुना, ॲसिड, काही समजावलं नाही. नुसता ओरडलो.

ती हळूच म्हणाली, "मंग मी दुसरं काय देनार होते?"

निकालाची वाट न बघता दुसऱ्या दिवशी मी बापाच्या होडीत चढलो. आई किनाऱ्यावर आली होती. तिच्याकडे बघायची माझी हिंमत झाली नाही.