पायलीवरची शीग

गिरजाबाईचा हात सढळ, असं औशाकडची माणसं म्हणायची. ती धान्य मोजायला बसली की पायलीवर शीग चढायची, दाणे कडेनं ओघळेपर्यंत. मापावरून हात फिरवून ते सपाट करणं तिच्या माहेरी चिकटपणाचं लक्षण होतं. चाकणला येऊन अकरा वर्षं झाली, कंपनीच्या कँटीनमध्ये ती तीनशे माणसांचं शिजवू लागली, तरी गावाहून आणलेली पायली तीच आणि हातही तोच.

नवऱ्याचं, भिमाजीचं, आठवड्यातून दोनदा, मंगळवारी आणि शुक्रवारी, डायलिसिस असायचं. ते तिच्या ईएसआय कार्डावर चालायचं. तिची नोकरी होती म्हणून भिमाजी होता. इतकं साधं होतं ते, आणि इतकं भयंकर.

त्या सोमवारी कंपनीचे साहेब जेवून बघणार होते आणि मग कँटीनचं कंत्राट ठेवायचं की नाही ते ठरणार होतं. सुपरवायझर शेखरनं काय किती घालायचं ते किलोत लिहिलेला कागद आणला. काटा एकच, तोही गोदामात. म्हणून त्यानं आदल्या दिवशी तिची पायली तिकडं नेऊन तांदूळ तोलले. पायलीला साडेतीन किलो. अठ्ठावीस किलोला आठ पायल्या तांदूळ, पाणी बारा पायल्या.

"मावशी, अंदाज बंद," तो म्हणाला. "रोज चव वेगळी लागते म्हणून बोलणी मला बसतात. कागदात आहे तेवढंच घालायचं."

मुलगा वाईट नव्हता. फक्त तोलताना त्यानं पायलीवर पट्टी फिरवली होती, आणि ते सांगायची गरज त्याला वाटली नाही.

गिरजाबाईनं आठ पायल्या भरल्या, शीग लावून. बारा पायल्या पाणी ओतलं. पाण्याला कुठली आलीय शीग? पातेल्यात बघताच तिला कळलं, पाणी कमी आहे. बादलीकडं हात गेलासुद्धा. पण कागद आठवला, भिमाजी आठवला, आणि तिनं हात मागं घेतला. आयुष्यात पहिल्यांदा तिनं स्वतःच्या डोळ्यांवर अविश्वास दाखवला.

बारा वाजता झाकण काढलं. दाणा मधोमध कच्चा. तिनं गरम पाणी शिंपडलं, जाळ वाढवला, देवाचा धावा केला. तळाचा भात लागला आणि वरचा तसाच राहिला. साहेबांनी दोन घास खाल्ले आणि ताट सरकवलं.

दुपारी शेखरनं तिला गोदामात पायली भरायला लावली. काटा चार किलो शंभरवर थांबला. म्हणजे आठ पायल्यांत जवळजवळ पाच किलो जास्त.

"मावशी, माप सपाट भरायचं असतं."

"आमच्याकडं मापावर हात फिरवत नसतेत, बाबा. मला काय म्हाईत?"

त्यानं काट्यावरची पायली उतरवली. मग खाली बघत म्हणाला, "कंत्राटदाराचा फोन आलेला. उद्यापासून तुम्ही येऊ नका म्हणाले."

"उद्या मंगळवार हाय," ती म्हणाली. "उद्या त्यांचा नंबर असतो."

शेखरला ते समजलं नाही, किंवा समजूनही त्याच्या हातात काही नव्हतं. गिरजाबाई खाली बसली. पायली भरली, वरून तळहात फिरवला, दाणे घसरून पडले. "हे बघा, सपाट. येतंय मला." दुसरी भरली. तिसरी भरली. शेखर फोन कानाला लावून कधीच बाहेर गेला होता, आणि ती आठवी पायली सपाट करत होती.