चार सोयाबीन आणि एक शिट्टी

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, कारण मधे हसलात तर मी चहा तसाच टाकून उठेन. मूर्खपणा शंभर टक्के माझा होता, पण आठ दिवस मी तो साडूंच्या नावावर खपवत होतो!

आम्ही देवासचे. पूर्वज म्हणे दरबारात शस्त्रागार सांभाळायचे, म्हणून आमच्याकडे खंडेनवमीची पूजा कडक. आता तलवारी कुठून आणायच्या? उरली आमची टर्बोवाली डिझेल गाडी. टर्बो म्हणजे इंजिनात जोरानं हवा कोंबणारा पंखा. लोक स्टिअरिंगला नाडाछडी बांधून मोकळे होतात. मी म्हटलं, छे! पूजा पात्याची करतात, म्यानाची नाही. बॉनेट उघडलं, टर्बोच्या जाड रबरी पाईपला हळदकुंकू लावलं आणि नाडाछडी बांधली.

"बघ गाठ," मी बायकोला म्हटलं. "यातून हवासुद्धा जायची नाही!"

दुसऱ्या दिवशी दसऱ्याचं सोनं द्यायला धारहून बसनं माझे साडू अप्पासाहेब आले. त्यांच्या लेकीचा, मिनूचा साखरपुडा तोंडावर आणि गाडी बिघडलेली. माझी मागितली, मी दिली. चार दिवसांनी परत आली ती दमेकरी होऊन!

जरा पाय दाबला की पुढून "सूंऽऽ" अशी शिट्टी आणि मागून काळा धूर. वेगाचं तर विचारूच नका. ट्रॉली ओढणारा एक ट्रॅक्टर मला मागे टाकून गेला, वर त्या ट्रॅक्टरवाल्यानं हातही हलवला!

आता तुम्हीच सांगा, संशय कोणावर येणार?

मी तपास सुरू केला. सीटखाली सोयाबीनचे चार दाणे सापडले. गुपचूप काड्यापेटीत ठेवले. म्हणजे अप्पांनी बदनावरच्या मंडीतून माझ्या गाडीत पोती वाहिली! मग बायकोला बोलावलं.

"गाडी धुवून का दिली त्यांनी?"

"अहो, चांगली माणसं धुवूनच देतात."

"पुरावा धुतला! आणि टाकी फुल का भरली?"

"का?"

"मन खातंय त्यांचं!"

बायकोनं कपाळाला हात लावला. "तीन दिवसांवर साखरपुडा आहे. मिनूनं दोनदा फोन केला, काका आल्याशिवाय पाटावर बसणार नाही म्हणते."

"गुन्हा शाबीत झाल्याशिवाय मी त्या मांडवात पाऊल ठेवणार नाही," मी म्हटलं. त्यावर बायको बोलायचीच थांबली. ती भांडते तेव्हा मी निर्धास्त असतो, गप्प बसली की मला धडकी भरते. पण माघार घेईन तर मी कसला?

साखरपुड्याच्या आदल्या दिवशी सकाळी आम्ही धारला पोचलो. अप्पांच्या घरी न जाता थेट नाक्यावरच्या गोपाल मिस्त्रींकडे. मी त्यांना तीनदा विचारलं, "अप्पासाहेबांना ओळखता?" तीनदा नाही म्हणाले. मगच गाडी हातात दिली आणि अप्पांना फोन करून बोलावलं. चार लोकांसमोर सोक्षमोक्ष झालेला बरा!

अप्पा आले ते थर्मासमधून चहा घेऊन. मला तो चहासुद्धा संशयास्पद वाटला.

गोपाल मिस्त्री माळवी थाटाच्या हिंदीत म्हणाले, "भिया, हवा लीक है. धुआँ मार के देखते हैं. जहाँ से निकले, वहीं गड़बड़."

त्यांनी हवा आत जायचं तोंड बुचानं बंद केलं आणि एका यंत्रातून पाईपांत पांढरा धूर सोडला. मी अप्पांना हाताला धरून पुढे आणलं. "नीट बघा हं, अप्पा."

धूर निघाला. टर्बोच्या जाड पाईपच्या तोंडाशी, पाईप आवळून धरणाऱ्या लोखंडी पट्ट्याखालून, उदबत्तीसारखा संथ. शेजारी हळद, कुंकू आणि लाल दोरा. पूजाच मांडल्यासारखी दिसत होती!

"अरे! यां तो कोई ने नाडो बांध्यो हे!" मिस्त्री ओरडले. "क्लैंप ढीला करके धागा पाइप के नीचे दबाया. किस समझदार का काम है?"

पूजेच्या दिवशी दोरा घसरत होता, म्हणून मीच स्क्रूड्रायव्हरनं पट्टा सैल करून त्याचं टोक आत दडपलं होतं. त्यानंतर मी गाडी चालवलीच नाही, किल्ली सरळ अप्पांच्या हातात!

तरी जाता जाता एक प्रयत्न केलाच. "पण अप्पा, चार दिवस शिट्टी ऐकलीत, बोलला का नाहीत?"

"बापूसाहेब, मला वाटलं तुमची गाडी अशीच चालते," अप्पा बिचारे चाचरत म्हणाले. "मागून आणलेल्या गाडीला नावं कशी ठेवायची?"

शेवटचं शस्त्र म्हणून मी काड्यापेटी उघडली. "आणि हे सोयाबीन?"

"मी मागवलं होतं त्यांच्याकडून," बायको म्हणाली. दोन दिवसांनी तोंड उघडलं ते यासाठी! "आठवडाभर त्याच पिठाच्या पोळ्या खाताय. मला विचारलंत कधी?"

मला इतकी लाज वाटली की बॉनेटखाली शिरून झाकण लावून घ्यावंसं वाटलं. अप्पांचे हात धरून माफी मागितली. ते म्हणाले, "चहा घ्या, निवतोय."

दुसऱ्या दिवशी साखरपुडा. व्याह्यांकडची मंडळी समोर बसलेली. गुरुजींनी कलशाला बांधायला नाडाछडी पुढे केली आणि मिनू आनंदानं म्हणाली, "काका बांधतील!"

नाही कसं म्हणणार? खाली मान घालून मी दोरा गुंडाळला, गाठ मारली. वाटलं, सुटलो.

तेवढ्यात पहिल्या रांगेतून एक ओळखीचा आवाज आला. अप्पांनी कौतुकानं त्यांनाही आमंत्रण दिलं होतं, हे मला कुठे ठाऊक?

"भिया," गोपाल मिस्त्री म्हणाले, "धुआँ मार के देख लूँ?"