खालाचा फळा आणि एकोणिसावं कलम

आमच्या रायगडच्या किनाऱ्यावर वकिली म्हणजे सुपारीच्या वाड्यांच्या वाटण्या आणि बांधावरची भांडणं. बोलण्याच्या स्वातंत्र्यासाठी मी कधी कोर्टात उभा राहीन असं कुणी सांगितलं असतं, तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. पण जेटीवरच्या खालाने मला उभं केलं.

आगरदांड्याहून दिघीला जाते तशी एक लहान फेरीबोट आमच्या खाडीतूनही सुटते. तिच्या जेटीवर खालाची चहा-भज्यांची टपरी आहे. खाला म्हणजे मावशी. ती जेटीवर सगळ्यांचीच मावशी. नवरा आखातात असताना त्याची पत्रं दुसऱ्याकडून वाचून घ्यावी लागायची, म्हणून चिडून ती चाळिशीत लिहायला शिकली. शाळेने टाकून दिलेला फळा टपरीला टांगून त्यावर अक्षरं गिरवायची. अक्षर बसलं, आणि मग रोज सकाळी दोन ओळी लिहायची सवयच लागली. बोट कधी सुटणार, पायऱ्या निसरड्या आहेत, संडासाला कुलूप का आहे. लोक तिकीट काढायच्या आधी फळा वाचत.

एक दिवस तिने लिहिलं, 'साहेबांच्या गाडीसाठी बोट अर्धा तास थांबवली. शाळेची पोरं उन्हात.' संध्याकाळी जेटीच्या कचेरीतली माणसं आली आणि फळा उचलून घेऊन गेली. तिच्या हातात आदेश दिला: मजकुरामुळे शांतता भंगू शकते, यापुढे प्रत्येक मजकुराला आगाऊ लेखी परवानगी घ्यावी, तोवर फळा कचेरीत जमा.

मी मुळात तापट. आदेश वाचूनच पेटलो. खाला मात्र फळ्याच्या रिकाम्या खिळ्याकडे बघत बसली होती, आणि ते मला बघवेना.

"फळा न्हाय, म्हंजे मी परत अडानी," एवढंच ती म्हणाली.

मी तिला घटनेचं एकोणिसावं कलम समजावून सांगितलं. बोलायचा हक्क आहे, त्यावर सरकारला बंधनं घालता येतात, पण कुठल्या कारणांसाठी ते घटनेत मोजून दिलेलं आहे, आणि साहेबाला लाज वाटणं त्या यादीत नाही. शिवाय बंधन वाजवी हवं. थोड्या बंधनाने काम भागत असेल तर जास्त घालता येत नाही. या शेवटच्या मुद्द्याला मी उदाहरण शोधत होतो, तोवर तिनेच ते दिलं.

"म्हंजे भजी करपली तर भजी काढायची. चूल न्हाय मोडायची."

कॉलेजात तीन वर्षं घालवून मला हे इतकं नीट कळलं नव्हतं.

उच्च न्यायालयात याचिका गेली, तारीख लांबची पडली. तोवर आदेश मोडायचा नाही, उलट तंतोतंत पाळायचा, असं मी ठरवलं. खाला रोज सकाळी कचेरी उघडताच अर्ज घेऊन हजर. 'विषय: फळ्यावर पुढील मजकूर लिहिण्यास परवानगी मिळणेबाबत.' खाली त्या दिवशीच्या दोन ओळी. दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून पोच मिळाल्याशिवाय ती खिडकीवरून हलायची नाही. अर्ज वहीत नोंदवायचा तर कारकुनाला तो वाचावा लागे, आणि त्याला मोठ्याने वाचायची खोड. आठवड्याभरात बोटीचा पास काढायला आलेले लोक पास हातात पडल्यावरही तिथेच रेंगाळू लागले. फळा होता तेव्हा तिला एवढे वाचक नव्हते. एकाही अर्जाला उत्तर मात्र आलं नाही.

सुनावणीला खाला माझ्याबरोबर मुंबईला आली, अर्जांच्या शिक्का मारलेल्या सगळ्या प्रती बिस्किटांच्या डब्यात घेऊन. समोर दोन न्यायमूर्ती होते. या अर्जांतल्या कुठल्या मजकुराने शांतता भंगेल ते दाखवा, असं त्यांनी सरकारी वकिलांना सांगितलं. ते पानं उलटत राहिले. मग एका न्यायमूर्तींनी स्वतःच एक अर्ज वाचला: 'पायऱ्यांवर शेवाळ. सांभाळून उतरा. पाचव्यांदा लिहिते हाय.' सगळं कोर्ट हसलं. मजकूर खोटा वाटत होता तर शेजारी कचेरीचा फळा लावून खुलासा करता आला नसता का, असं त्यांनी पुढे विचारलं. जेवणाच्या सुट्टीआधी आदेश रद्द झाला. खालाने माझा हात घट्ट दाबला आणि मला रडू आलं, खोटं कशाला बोलू.

फळा परत आला त्याच्या दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम लवकर जेटीवर गेलो. आज आपलं कौतुक असणार, याची मला खात्रीच होती. चार जण फळ्यापुढे उभे राहून हसत होते. त्यावर लिहिलं होतं, 'वकिलाची स्कूटर रोज उतारावर आडवी. मासळीच्या हातगाड्या अडतात.'

माझं डोकंच फिरलं. ज्या फळ्यासाठी मी इतके महिने झटलो, त्याच्यावर हे? मी टपरीवरचा ओला फडका उचलला. खाला चहा गाळत होती. तिने मानही वर केली नाही.

"पूस की," ती म्हणाली. "पन कारन कंचं, ते सांग."

मी मनात सगळी यादी चाळली. देशाची सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता, बदनामी. बदनामीपाशी जरा थांबलो, पण ओळ खरी होती. मी फडका खाली ठेवला, उतारावर गेलो, आणि चार जणांच्या देखत स्कूटर ढकलत भिंतीच्या कडेला नेऊन लावली.