आमच्याकडे ड्रॅगनला बंदी आहे

चार माणसं दर रविवारी एकाच कॉम्प्युटरसमोर बसली, की गेम कमी होतो आणि किस्से जास्त. गेम निदान मुद्दाम सेव्ह करावा लागतो. किस्से आपोआप साठत जातात. मग कुणाच्या हळदीला, कुणाच्या बाराव्याला, एस.टी.ची वाट बघत उभं असताना कुणीतरी "त्या रविवारी काय झालं, सांगू का" म्हणून सुरू होतो, आणि दर वेळी गोष्ट जरा फुगते. जास्त फुगायच्या आत जेवढं झालं तेवढं सांगून टाकतो.

माझं शहापुरात कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे, एस.टी. स्टँडच्या मागच्या गल्लीत. दुरुस्तीला आलेल्या एका जुन्या मशीनमध्ये हा गेम सापडला. मालक म्हणाला, राहू दे तुझ्याकडेच. गेम राजे-किल्ल्यांचा. प्रत्येकाचा एक किल्ला, आणि त्या किल्ल्यातून सैन्य उभं करायचं. खालच्या पातळीला किरकोळ प्राणी मिळतात, वरच्या पातळीला राक्षस, ड्रॅगन वगैरे. एकाच मशीनवर पाळीपाळीने खेळायचं.

खेळणारे आम्ही चौघं. मी. बाळाराम, जो मुरबाड ते कल्याण जीप चालवतो. दत्ता, शेणव्याचा, घरची भातशेती करतो. रविवारी बाळाराम बाईकवर मुरबाडहून येताना त्याला शेणव्यातून मागे बसवून आणतो. आणि बाई. बाईंचं नाव वैशाली, पण त्या शेणव्याच्या पुढच्या एका वाडीवर शाळेत शिकवतात, म्हणून सगळ्यांच्याच बाई.

*

सुरुवातीला दर रविवारी बाळारामच जिंकायचा. बाकीचे आम्ही लढाया करत बसायचो आणि हा गुपचूप सोनं साठवून एक ड्रॅगन घ्यायचा. एकदा ड्रॅगन आला की तासाभरात आमचे तिन्ही किल्ले खलास. उरलेली दुपार आम्ही त्याचा ड्रॅगन कसा उडतो ते बघत चहा प्यायचो.

एका रविवारी बाईंनी पर्स उचलली आणि सांगितलं, आजपासून ड्रॅगन बंद. प्रत्येकाने सगळ्यात खालच्या पातळीचा एकच प्राणी निवडायचा आणि अख्खा गेम त्याच्यावर खेळायचा. वर्गातल्या हुशार पोराला घेऊन कुणीही जिंकेल, म्हणाल्या. शेवटच्या बाकावरची घेऊन जिंकून दाखवा.

बाळारामने जरा विचार करून विचारलं, "म्हणजे कल्याणपर्यंत गाडी फर्स्ट गिअरमध्येच न्यायची?"

"हो," बाई म्हणाल्या.

तेव्हापासून गेमपेक्षा भांडण मोठं झालं. सगळ्यात खालचा, पण सगळ्यात चांगला प्राणी कोणता?

*

दत्ताने पहिल्याच दिवशी शेतकरी निवडले. माणसांच्या किल्ल्यात सगळ्यात खाली शेतकरी असतात, हातात एक काटेरी दाताळं. लढाईत त्यांच्यासारखं फुसकं कोणी नाही. पण किल्ल्यात ठेवले तर ते रोज राजाला कर देतात. हे कळल्यावर दत्ता म्हणाला, "हितं पण?"

त्याने त्यांना लढायला पाठवायला साफ नकार दिला. आम्ही समजावलं की ही फक्त चित्रं आहेत. तो म्हणाला, ही आवणीची माणसं आहेत, ह्यांना तिकडं मरायला धाडलं तर भात कोण लावील? आम्ही तिघं एकमेकांचे मुडदे पाडत होतो, आणि ह्याचा किल्ला शेतकऱ्यांनी भरत चालला होता. त्यांना तो गेममधले आठवडेच्या आठवडे नुसता सांभाळत होता.

शेवटी बाळाराम सैन्य घेऊन त्याच्या दारात गेला. एक रांग कापली, मागे दुसरी उभी. ती कापली, मागे तिसरी. दत्ता काहीच करत नव्हता, फक्त पाळी आली की "थांबा" हे बटण दाबत होता. दाताळ्याने ओरखडे काढून काढून त्या लोकांनी बाळारामचं सैन्य संपवलं.

दत्ता जिंकला. ड्रॅगन बंद झाल्यावरचा पहिलाच विजय. पण तो हसला नाही. आपले किती गेले ते त्याने स्क्रीनवर बघितलं.

पुढच्या रविवारी त्याने लांडगे निवडले. बाईंनी विचारलं, का हो, जिंकलेले शेतकरी सोडून?

"त्यांची कापणी हाय," दत्ता म्हणाला.

*

एकदा ऐन लढाईत लाइट गेली. दत्ता आणि मी समोरासमोर होतो, आणि दोघांनाही आपणच जिंकणार याची खात्री होती. लाइट येईपर्यंत थांबायची कुणाची तयारी नव्हती. मग काउंटरवर वर्तमानपत्र पसरून त्यावर पेनने घरं आखली. बाईंकडे खारे शेंगदाणे होते, ते माझे सैनिक. चणे दत्ताचे. बाई पंच.

लढाई छान रंगली. फासा म्हणून आम्ही सापडेल ती चिल्लर उडवत होतो. माझ्या दाण्यांनी चण्यांना कोपऱ्यात घेतलं. तेवढ्यात एक गिऱ्हाईक प्रिंटरची शाई विचारायला आलं, म्हणून मी मिनिटभर उठलो. परत आलो तर मैदानात माझा एकही माणूस नाही, आणि दत्ताचा जबडा चालू.

मी बाईंकडे न्याय मागितला. बाईंनी दत्ताला विचारलं. त्याने शांतपणे गिळून सांगितलं की ते शरण आले होते.

*

बाईंचा आवडता प्राणी सापळा. हाडांचा, हातात गंजलेली तलवार. त्यांचं म्हणणं, बाकी कुठलंही सैन्य लढून कमी होतं, सापळ्यांचं वाढतं. कारण लढाईत जो मरतो त्याचा पुढे सापळा होऊन तुमच्याकडे येतो. शत्रू मेला तरी तुमचा.

हे त्या एवढ्यावर ठेवत्या तर ठीक होतं. पण त्यांच्या वर्गातली काही मुलं भागाकाराला घाबरायची. वाडीवरची बरीच घरं दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात. मुलं मध्येच जातात आणि परत येतात तेव्हा हातचा कुठे ठेवला होता तेच विसरलेली असतात. बाईंनी फळ्यावर सैन्यं काढली. एका लांडग्याला इतका जीव, एका सापळ्याचा घाव इतका, तर कळप संपवायला किती सापळे लागतील? मुलं पेटली. ज्या पोरांना गणिताच्या तासाला पोटात दुखायचं, ती मधल्या सुट्टीत काठीने मातीत भागाकार करायला लागली.

आणि नेमकं त्याच आठवड्यात तपासणीला साहेब आले. फळ्यावर सापळे. साहेबांनी बराच वेळ फळा बघितला, मग पहिल्या बाकावरच्या मुलीला उभं करून मायेने विचारलं, बाळ, आज काय शिकलीस?

मुलगी न अडखळता म्हणाली, "जिवंत माणसापेक्षा मेलेलं जास्त कामाचं."

बाईंनी घाईघाईने त्याच मुलीला एक मोठा भागाकार घातला. मुलीने तो सोडवला, बाकी किती उरली तेही सांगितलं. साहेबांनी शेरा चांगला दिला. जाताना फक्त एवढं म्हणाले, की बाई, पुढच्या वेळी आंबे घ्या.

*

आता बाळाराम. एवढा आडवातिडवा माणूस, भरघोस मिशा, जीपचा टायर एकटा बदलतो. त्याने निवडल्या पऱ्या. इवल्याशा, पंखवाल्या. ही परी उडत जाते, टपली मारते आणि समोरच्याने हात उगारायच्या आत परत जागेवर येते. फास्ट येणं, फास्ट जाणं, हे त्याच्या धंद्यातच होतं. फक्त तिचा जीव फार थोडा. एक फटका बसला की संपली.

एकदा गेम अर्धा राहिला. सोमवारी सकाळी मला राहवेना, म्हणून बाळारामच्या वतीने मीच त्याची पाळी खेळलो आणि त्याच्या सगळ्या पऱ्या घालवल्या. त्याला कळवायला हवं म्हणून फोन केला. तो मुरबाडच्या स्टँडवर जीप लावून पॅसेंजर भरत होता. फोन स्पीकरवर होता, हे मला ठाऊक नव्हतं.

मी म्हणालो, "बाळाराम, वाईट बातमी आहे. परी गेली."

बाळाराम तोंडावर हात घेऊन "अरे देवा" म्हणाला. कुणीतरी त्याच्या हातातली किल्ली काढून घेतली, अशा अवस्थेत गाडी चालवायची नाय म्हणून. दुसरा पाणी घेऊन आला. पुढच्या सीटवर एक म्हातारी होती, तिने त्याचा हात धरला. लोक कल्याणची घाई सोडून खाली उतरले, मयतीला किती जण जायचं हे ठरायला लागलं. बाळारामला खरं सांगायचा धीर होईना. शेवटी म्हातारीने विचारलं, केवढी होती रे लेक?

तेव्हा त्याला बोलावंच लागलं. लेक नाय, गेममधली परी. आपलं लग्न पण नाय झालं.

लोक जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. म्हातारी मात्र हसली नाही की चिडली नाही. तिने कल्याणपर्यंत त्याचं गाव, घर, भावंडं, सगळं विचारून घेतलं. आणि पुढच्याच आठवड्यात भाचीच्या मुलीचं, सुजाताचं, स्थळ घेऊन त्याच्या आईकडे हजर झाली. खेळातल्या परीसाठी ज्याचं तोंड एवढं उतरतं तो बायकोला नीट वागवील, असा तिचा हिशेब.

बघायचा कार्यक्रम झाला. पोहे झाले. दोघांना बोलायला पडवीत बसवलं. बाळाराम घामाघूम. बरीच स्थळं आधी नाकारून गेली होती, ड्रायव्हर म्हटल्यावर माणसं चहासुद्धा पुरा पीत नसत. मग सुजातानेच विचारलं, आजी सांगत होती तुमच्या पऱ्या मेल्या. कशा मेल्या?

त्याने सगळी लढाई सांगितली. मैदान कसं होतं, समोर कोण होतं, मित्राने कशी माती केली. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"पण त्यांना एकटं कशाला पुढं धाडायचं?" ती म्हणाली. "सोबत कोन तरी द्यायचा ना."

लग्नाला आम्ही सगळे होतो. सुजाता आता कधीकधी रविवारी येते आणि बाळारामच्या मागे उभी राहते. तेव्हापासून तो हरलेला नाही.

*

माझे वडील, आप्पा, वायरमन होते. खांबावर चढून हाक मारली की तीन गल्ल्यांत ऐकू जायची. उंच, दणकट माणूस. आई त्यांच्या खांद्याच्याही खाली. चारचौघांत त्यांनी आईला कधी नावाने हाक मारल्याचं मी ऐकलेलं नाही. "ऐकलं का" एवढंच. घरात दोघंच असताना काय म्हणायचे, आम्हाला माहीत नाही.

गेल्या वर्षी आप्पांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. डॉक्टर म्हणाले, बोलणं येईल किंवा नाही येणार. माणसांत ठेवा, त्यांच्याशी बोलत राहा. आई दिवसभर बोलायची. प्रश्न तीच विचारायची, उत्तरही तीच द्यायची. महिने गेले. आप्पा नुसते बघत राहायचे, आणि संध्याकाळ झाली की आईचा आवाज बसलेला असायचा.

रविवारी मी त्यांना दुकानात आणायला लागलो. दाराकडे तोंड करून खुर्ची, समोर कॉम्प्युटर. आमच्या टोळीने त्यांना पाचवा किल्ला दिला. डाव्या हातात माउस धरून ते हळूहळू खेळायचे. कुणी घाई करत नसे, बाळारामसुद्धा नाही. ते दमले की त्यांची पाळी मी पुढे नेत असे.

त्या रविवारी आप्पांच्या वाटेत दोन टोळ्या आडव्या आल्या. दोन्ही सैन्यात यायला तयार, पण बाईंच्या नियमाने घेता येणार एकच. एक धनुष्यबाणवाले. दुसरे ते ठेंगणे, दाढीवाले, कुऱ्हाडी घेतलेले, ज्यांना आम्ही बुटके म्हणतो. झालं, भांडण पेटलं. बाळाराम म्हणे बाणवाले घ्या, लांबूनच काम होतं. दत्ता म्हणे बुटके घ्या, हळू चालतील पण मैदान सोडणार नाहीत. बाई बोटांवर भागाकार करत होत्या. आप्पांना विचारायचं कुणालाच सुचलं नाही.

ऊन फार म्हणून मी शटर अर्ध्यावर ओढलं होतं. त्याच्याखालून आत यायला आम्हा सगळ्यांना वाकावं लागतं, आई सरळ चालत येते. ती आप्पांचा पेजेचा डबा घेऊन नुकतीच दारात आली होती.

"बुटके," आप्पा म्हणाले.

जाड आवाज, जीभ अडकलेली, पण शब्द स्वच्छ. बाईंची बोटं थांबली. दत्ता उभा राहिला. बाळाराम माझ्याकडे बघायला लागला, मी आप्पांकडे. माउस माझ्याच हातात होता, पण बटण दाबवेना.

आईने डबा काउंटरवर ठेवला आणि डोक्यावरचा पदर सारखा केला.

"आले," ती म्हणाली. "ओरडू नका, आले."